सांगली ते सिंगापूर : आईच्या कागदपत्रांची तयारी

मे महिन्यात आईला घेऊन चार दिवस सिंगापूरला जायचे आमचे जानेवारीतच ठरले. त्या संध्याकाळी मी तिचा पासपोर्ट कपाटातून काढला. आमच्या प्रवासाच्या दिवशी त्याची मुदत संपायला साडेचार महिने उरणार होते. मुदत शिल्लक आहे म्हणजे पासपोर्ट चालेल, असे घरातल्या सर्वांनाच वाटत होते. पण सिंगापूरमध्ये प्रवेश करताना पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक असावी लागते, आणि मलेशिया, इंडोनेशिया या शेजारच्या देशांतही हाच नियम आहे. ही अट पूर्ण होत नसेल तर विमान कंपनी मुंबईच्या काउंटरवरच प्रवाशाला थांबवते. म्हणून तिकिटाच्या किमती पाहण्याआधी प्रत्येकाच्या पासपोर्टचे शेवटच्या मुदतीचे पान पाहावे, असे मी आता भेटेल त्याला आग्रहाने सांगतो.

नव्या पासपोर्टसाठी अर्ज भरायला बसलो आणि खरी अडचण समोर आली. आईच्या शाळेच्या दाखल्यावर ‘लक्ष्मीबाई’ आहे, आधार कार्डावर नुसते ‘लक्ष्मी’ आहे, आणि इंग्रजी स्पेलिंगमध्ये एका ठिकाणी ‘एक्स’ तर दुसऱ्या ठिकाणी ‘के-एस-एच’ आहे. तिच्या पिढीतल्या बहुतेक स्त्रियांच्या कागदपत्रांची हीच अवस्था असते. माहेरचे नाव एका कागदावर, सासरचे दुसऱ्यावर, आणि जन्मतारीख मात्र शाळेत मास्तरांनी घातलेली १ जून. गावात कोणी हरकत घेत नाही, कारण गावात माणूस ओळखीचा असतो. परदेशाच्या दारात मात्र कागदावरचे अक्षर हीच माणसाची ओळख असते. आम्ही आधी आधार कार्डावरचे नाव दुरुस्त करून घेतले आणि मगच पासपोर्टचा अर्ज भरला. छत्तीस पानी पासपोर्टचे १५०० रुपये शुल्क भरले आणि पोस्टातल्या पासपोर्ट केंद्राची वेळ घेतली.

तिथे बोटांचे ठसे घेताना आणखी वेळ गेला. कसबे डिग्रजच्या रानात हळद काढलेली आणि पन्नास वर्षे रोज भाकरी थापलेली आईची बोटे इतकी झिजली आहेत, की यंत्राला त्यांच्यावरच्या रेषाच सापडेनात. तिथल्या ताईंनी न कंटाळता रुमाल ओला करून आणायला सांगितला, आईचे एकेक बोट स्वतः पुसले आणि काचेवर हलकेच दाबून धरले. पाचव्या प्रयत्नात ठसा उमटला. त्या दिवशी मी मनाशी नोंद केली, की सिंगापूरच्या विमानतळावरही हीच अडचण येऊ शकते आणि त्यासाठी आईच्या मनाची तयारी आधीच करायला हवी.

आईचे शिक्षण चौथीपर्यंत झाले आहे, त्यामुळे तिच्या पासपोर्टवर ईसीआर म्हणजे परदेशी नोकरीसाठी सरकारी परवानगी आवश्यक असल्याचा शेरा येईल, अशी भीती एका नातेवाइकांनी घातली होती. पन्नास वर्षांवरील व्यक्तीला तो शेरा लागत नाही आणि सहलीला जाणाऱ्याचा त्या परवानगीशी संबंधच नसतो.

सिंगापूरला भारतीयांना आधी व्हिसा काढावा लागतो आणि तो अधिकृत एजंटामार्फत काढता येतो. त्याचे सरकारी शुल्क ३० सिंगापूर डॉलर असून, व्हिसा नाकारला गेला तरी ते परत मिळत नाही. व्हिसा वेळेत आला, पण तिकिटाने आम्हाला घाम फोडला. तिकीट काढणाऱ्याने आईच्या जुन्या पासपोर्टच्या झेरॉक्सवरून नाव घातले होते, म्हणजे जुने स्पेलिंग आणि जुना क्रमांक. निघायला आठ दिवस असताना मी तिकीट आणि पासपोर्ट शेजारी ठेवून एकेक अक्षर बोटाने ताडून पाहिले, तेव्हा ते लक्षात आले. दुरुस्तीला पैसे गेले, पण विमानतळावर हे उघडकीस आले असते तर आईला घरी परतावे लागले असते. नवा पासपोर्ट हाती आल्यावर जुन्याची प्रत्येक झेरॉक्स फाडून टाकावी, हे तेव्हा पटले.

सिंगापूरचे ‘एसजी अरायव्हल कार्ड’, म्हणजे तिथे जाणाऱ्या प्रत्येकाने आपल्या माहितीचा भरायचा अर्ज, पोहोचण्याच्या दिवसासह आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचे असते. ते पूर्णपणे मोफत आहे. तरीही त्यासाठी पैसे मागणारी, दिसायला सरकारी वाटणारी संकेतस्थळे शोधताना आधी समोर येतात, म्हणून पत्ता नीट पाहूनच माहिती भरावी. महालक्ष्मी एक्स्प्रेसने निघायच्या आदल्या रात्री, विश्रामबागेतल्या घरी, मी तिघांची कार्डे भरली. ई-मेलचा पत्ता विशेष काळजीने घातला, कारण सिंगापूर आता पासपोर्टवर शिक्का मारत नाही. किती तारखेपर्यंत राहता येईल हे सांगणारा ई-पास त्याच पत्त्यावर येतो.

सामान भरताना मी एका गोष्टीवर आईशी शांतपणे बोललो. ती रोज सकाळी मिश्री लावते. सिंगापूरमध्ये गुटखा, खैनी, जर्दा अशा तोंडात ठेवायच्या तंबाखूवर बंदी आहे, आणि मिश्री ही भाजलेली तंबाखूच. तिने क्षणभर डबीकडे पाहिले आणि ती फडताळात परत ठेवली. खसखशीबाबतही जपावे लागते; दुबईला जाणाऱ्यांनी तर खसखस लावलेले अनारसेही नेऊ नयेत, कारण संयुक्त अरब अमिरातीत खसखस हा अमली पदार्थ धरला जातो. भडंग मात्र निर्धास्त नेले. रक्तदाबाच्या गोळ्या मूळ पाकिटात ठेवल्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी सोबत घेतली. आईच्या सोन्याच्या पाटल्या घरीच ठेवल्या. ज्यांना मोठा दागिना घालून जायचेच असेल त्यांनी निघताना भारतीय कस्टमकडून निर्यात प्रमाणपत्र घ्यावे, म्हणजे परत येताना तो दागिना परदेशात घेतला का, असा प्रश्न उरत नाही.

सर्वांत जास्त वेळ मात्र आम्ही बोलण्याच्या सरावाला दिला. जेवणे झाली की मी अधिकारी व्हायचो आणि आई समोर बसायची. कुठे चाललात, किती दिवस, कोणाबरोबर, कुठे राहणार, परतीचे तिकीट आहे का, हे पाच प्रश्न इंग्रजीत ऐकून ओळखायला आणि दोन-दोन शब्दांत उत्तर द्यायला ती आठ दिवसांत शिकली. हॉटेलचे नाव आणि पत्ता मी मोठ्या अक्षरांत लिहून तिच्या पासपोर्टमध्ये ठेवला. “मला विचारलं तर मीच सांगेन, तू मध्ये बोलू नकोस,” असे तिने मला बजावले होते. मला ते फार मोलाचे वाटले. आपण ज्येष्ठांचे सगळे कागद स्वतःच्या पिशवीत ठेवतो आणि त्यांच्या वतीने स्वतःच बोलतो. पण त्या काउंटरपाशी प्रत्येकाला एकट्यानेच उभे राहावे लागते.

चांगी विमानतळावर परदेशी पाहुण्यांनाही आता स्वयंचलित मार्गिकेतून जाता येते. मी आणि बायको पार झालो, आईचे दार मात्र उघडेना. तिने चष्मा काढून पुन्हा कॅमेऱ्याकडे पाहिले, अंगठा रुमालाला पुसून काचेवर ठेवला, तरीही दार बंदच राहिले. तेथील अधिकाऱ्याने तिला बाजूच्या काउंटरवर बोलावले. काचेपलीकडून मला फक्त तिचे ओठ हलताना दिसत होते. तिने चार बोटे दाखवली, पत्त्याचा कागद पुढे केला, मग आमच्याकडे हात केला. दोन मिनिटांत ती बाहेर आली.

“काय विचारलं?” मी म्हणालो.

“किती दिवस, आणि कोणाबरोबर. मी सांगितलं.”

हॉटेलवर पोहोचल्यावर तिने पासपोर्ट उघडून शिक्का शोधला. तो नाही हे पाहून तिने ई-पास छापून मागितला, आणि तो कागद चार घड्या घालून पासपोर्टमध्ये, पत्त्याच्या चिठ्ठीशेजारी ठेवला.