आजींचा चहा

मंगळवार, रात्र

लालबागच्या आजींचं आज एकदाचं ठरलं. वय ८३, जुना पार्किन्सन म्हणजे कंपवात, न्यूमोनिया उतरणीला, डोकं अगदी शाबूत. गिळणं तपासायला मी खाटेपाशी गेले की त्यांचा एकच प्रश्न, "चहा कधी देणार गं बाई?" मुलाचं म्हणणं, "मॅडम, नाकातून नळी टाका. आईला उपाशी कसं ठेवायचं?" सून हळूच म्हणाली, "पण आईंना नळी नकोय, त्यांनी स्पष्ट सांगितलंय."

आजींच्या उशाशी दाखल झाल्यापासून 'एनबीएम' लिहिलेलं होतं. तोंडाने काहीही द्यायचं नाही. तापाच्या पहिल्या दिवशी ते बरोबरच होतं. पण असं लिहिणारा मिळतो, पुन्हा तपासून पुसणारा मिळत नाही, याची मला मनापासून चीड येते. पार्किन्सनमध्ये तर जेवणासोबत गोळ्याही चुकतात, अंग आखडतं आणि गिळणं आणखी बिघडतं. माझं स्पष्ट मत आहे, 'एनबीएम'च्या शेजारी पुन्हा कधी बघायचं त्याची तारीख लिहिलीच पाहिजे.

पार्किन्सनच्या गोळीचा असर सुरू झाल्यावर आजींना ताठ बसवलं, तोंड स्वच्छ केलं. हे तोंड स्वच्छ करणं सगळे विसरतात. तोंडातले जंतू लाळेबरोबर फुफ्फुसात उतरतात, त्यातूनच पुढचं दुखणं उभं राहतं. एकजीव केलेला मऊ वरणभात छान गेला. पाण्याला मात्र ठसका. पातळ पदार्थ झरकन घसरतो, श्वासाची वाट मिटायला वेळच मिळत नाही. काहींना तर ठसकाही लागत नाही आणि पाणी गुपचूप फुफ्फुसात जातं, म्हणून नुसत्या ठसक्यावर भरवसा ठेवता येत नाही.

मग चहात थिकनर, म्हणजे पेय दाट करणारी पावडर, ढवळली. दहा मिलीच्या सिरिंजमध्ये भरून टोकावरचं बोट काढलं. दहा सेकंदांनी सहा मिली शिल्लक, म्हणजे हवा तेवढा दाट. आजींनी चमचाभर घेतला आणि तोंड फिरवलं. "ही कसली पेज? चहा दे!"

त्यांचं काय चुकलं? २००८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पार्किन्सन आणि डिमेन्शियाचे (स्मृतिभ्रंशाचे) ५१५ रुग्ण होते. काहींना दाट केलेलं पेय, काहींना साधंच, पण हनुवटी खाली घेऊन. तीन महिन्यांत न्यूमोनियात ठोस फरक दिसला नाही. शिवाय दाट पेय माणूस कमी पितो आणि शरीरातलं पाणी घटतं.

दुपारी डॉक्टरांसोबत सगळे बसलो. नळीला मी वाईट म्हणत नाही, स्ट्रोकनंतरच्या दिवसांत तिचा मोठा आधार असतो. पण नळी असली तरी लाळ आणि पोटातून वर आलेलं फुफ्फुसात जाऊ शकतंच, हे मुलाला कुणी सांगितलंच नव्हतं. आजींना डिमेन्शिया नाही. पण शेवटच्या टप्प्यातल्या डिमेन्शियासाठीही अमेरिकन जेरिअ‍ॅट्रिक्स सोसायटी या वृद्धांच्या डॉक्टरांच्या संघटनेने २०१४ मध्ये नळीऐवजी हातानेच, जपून भरवण्याचा सल्ला दिला आहे. त्या टप्प्यात नळीने आयुष्य वाढल्याचा पुरावा नाही. उलट माणूस ती उपसतो म्हणून हात बांधावे लागतात. ते हात मी पाहिलेत.

मग डॉक्टरांनी आजींनाच विचारलं, "चहामुळे पुन्हा न्यूमोनिया होऊ शकतो. चालेल?" आजींनी बराच वेळ घेतला. त्यांचं बोलणं फार हळू येतं, तेवढं थांबावं लागतं. "समजलंय मला," त्या म्हणाल्या, "नळी नको. चहा हवा."

फाईलवर लिहून झालं : जेवण एकजीव, साधा चहा चमच्याने, हनुवटी खाली, पहिला घोट उतरल्यावरच दुसरा. गुंगीत असतील तर काहीच नाही. नंतर अर्धा तास बसवून ठेवायचं. धोका आजींना माहीत आहे. शुक्रवारी पुन्हा बघायचं. पुरेसं पोटात जात नसेल तर तेही तेव्हाच बोलायचं.

मुलगा अजून घाबरलेला आहे. "माझ्या हातून काही झालं तर?" असं त्याने लिफ्टपाशी विचारलं. या प्रश्नाला माझ्याकडे घाईचं उत्तर नव्हतं, मी त्याच्याजवळ थांबले. उद्या सकाळी चमचा त्याच्या हातात देणार आहे, आणि मी शेजारीच असेन.