सरकारी कचेरी उघडलीय का?

आठवड्यातून एकदा तरी हा प्रश्न येतो, बहुतेकदा वैतागलेल्या सुरात. ‘ताई, पूर्वी लिंक चिकटवली, बटण दाबलं की काम व्हायचं. आता अर्ज भरा, कारण लिहा, दोन दिवस थांबा. सरकारी कचेरी उघडलीय का?’ उघडलीय खरी. कशी, ते तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

मी लांबलचक मराठी लिंका लहान करून देणारी एक छोटीशी सेवा चालवते. २०१५ साली सुरू केली, नोकरी सांभाळून, एकटीनं. जाहिराती नाहीत. सर्व्हरचं भाडं आणि डोमेनचं, म्हणजे संकेतस्थळाच्या नावाचं, नूतनीकरण मिळून वर्षाला आठेक हजार रुपये माझ्या खिशातून जातात.

मराठी लिंकेचा त्रास इंग्रजीत वावरणाऱ्यांना कळत नाही. ‘महाराष्ट्र’ हा शब्द आपल्या डोळ्यांना चार अक्षरांचा. संगणकाच्या हिशोबात म, ह, काना, र, काना, ष, पाय मोडल्याची खूण, ट, पुन्हा पाय मोडल्याची खूण आणि र, असे दहा तुकडे. प्रत्येक तुकड्याला तीन बाइट, आणि लिंकेत प्रत्येक बाइट टक्क्याच्या खुणेसह तीन चिन्हांत लिहायचा. झाली ९० चिन्हं. लेखाचं शीर्षक सहा शब्दांचं असेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर टक्क्यांची आख्खी गोधडी येऊन पडते. ती मधेच तुटते, आणि लोक म्हणतात ‘उघडत नाही’. म्हणून हा उद्योग. वाचनालयं वापरायची, शाळेतल्या बाई वापरायच्या, दिवाळी अंकवाले वापरायचे. लग्नसराईत पत्रिकांच्या लिंकांचा पूर यायचा.

सर्व्हर चालू केला की काही मिनिटांत कुठकुठली यंत्रं येऊन दार ठोठावतात, ‘रूट’, ‘अ‍ॅडमिन’ अशी नावं घेऊन पासवर्ड लावून बघतात. त्याचं मला काही वाटत नाही. तो पाऊस आहे, छत्री उघडायची. त्रास माझ्याच दारातून, माझंच बटण दाबून आत आलेल्यांचा झाला.

‘तुमचे पॅन अपडेट नाही, आज रात्री खाते बंद होईल’ हा एसएमएस तुम्हालाही आला असेल. त्याच्या शेवटी लहानशी लिंक असते. त्यातल्या काही माझ्या होत्या.

तक्रार आली की मी लॅपटॉपवर लिंक उघडायची. ‘पान सापडलं नाही.’ वाटायचं, चला, आधीच कुणीतरी काढलं. तीन-चार वेळा असं झालं. मग एकदा स्वयंपाकघरात, वायफाय बंद असताना, मोबाईलवर तीच लिंक उघडली आणि समोर बँकेचं लॉगिन पान. बोधचिन्ह, रंग, कुलपाचं चित्र, सगळं जागच्या जागी. भारतातल्या मोबाईलवरून आलेल्यालाच पान दाखवायचं आणि बाकीच्यांना रिकामी भिंत, अशी सोय करून ठेवलेली. लॅपटॉपवरून येणारी बाई तपासणारी असणार, हे त्यांना माझ्याआधी माहीत होतं. दुसरी युक्ती याहून सोपी. लिंक करताना त्या पत्त्यावर फुलांच्या दुकानाचं पान ठेवायचं. माझी तपासणी झाली की रात्री अकराला तिथेच पॅनचा फॉर्म.

एका दुपारी वाशिमहून फोन आला. एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. माझा नंबर तेव्हा मुखपृष्ठावर होता, लोकांना अडचण आली तर असावा म्हणून. ‘ताई, ते छोटं नाव तुमचंच ना?’ एवढंच विचारलं. हो म्हटलं. अठ्ठेचाळीस हजार गेले होते. मी त्यांना १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर लगेच फोन करायला सांगितलं, तक्रार नोंदवताना सोबत थांबले, लिंक काढली. ते रागावले नाहीत, त्यामुळे मला जास्त जड गेलं. कायद्याचं म्हणाल तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ७९ आहे, दुसऱ्यानं टाकलेल्या मजकुराबद्दल मध्यस्थाला, म्हणजे माझ्यासारख्या सेवा चालवणाऱ्याला, काही अटींवर संरक्षण देतं. ते फोनवर वाचून दाखवायचं नसतं. नंबर मी त्याच रात्री मुखपृष्ठावरून काढला. धैर्याचं काम नव्हे, पण काढला.

मग ब्राउझरांच्या धोकायादीत माझं अख्खं डोमेन गेलं. सकाळी उठून बघते तर प्रत्येक लिंकेवर लालभडक पान, ‘पुढे जाऊ नका’. पॅनवाल्या लिंकेवर ठीक आहे, पण वाचनालयाच्या आणि सातवीच्या गृहपाठाच्या लिंकेवरही तेच. नाव यादीतून निघायला चार दिवस गेले. ज्यांनी ते पाप केलं, ते तोवर दुसऱ्या कुणाच्या तरी सेवेवर गेले होते. त्यांना नवी लिंक करायला दहा सेकंद लागतात.

सर्व्हर भाड्यानं देणाऱ्या कंपनीचा इशारा आला तोही शुक्रवारी संध्याकाळी: चोवीस तासांत उत्तर द्या, नाहीतर बंद. मी कोल्हापूरला मावसबहिणीच्या लग्नात. पंगतीत एका हातानं जेवत, दुसऱ्या हातानं मोबाईलवर एकशे बारा लिंका पुसल्या. शेजारच्या काकू म्हणाल्या, ‘केवढं ते फोनचं वेड.’

तोवर मी कुणाचा आयपी पत्ता नोंदवत नव्हते. कोण कुठून येतं याच्याशी मला काय करायचंय, असं माझं तत्त्व होतं आणि त्याचा अभिमानही. परराज्यातल्या सायबर पोलिसांची विचारणा आली तेव्हा माझ्याकडे द्यायला काही नव्हतं, आणि ते ‘काही नाही’ समजावून सांगताना मीच गुन्हेगार असल्यासारखं वाटलं. पुढे २८ एप्रिल २०२२ ला सर्ट-इनचे, म्हणजे केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचे, निर्देश आले: नोंदी १८० दिवस जपा, सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवा. मोठ्या कंपन्यांकडे त्यासाठी पाळ्या लावलेली माणसं असतात. मी झोपतेच सात तास. आता नोंदी ठेवते. तुमच्याही.

उपाय केले नाहीत असं नाही. चित्रांतले सिग्नल आणि बस ओळखायला लावणारं कोडं लावलं. ते सोडवून देणारी माणसं मोजून पैसे घेतात, तेही अगदी किरकोळ. अडले ते चष्मा शोधणारे ज्येष्ठ. आयपी पत्ते अडवले, तर मोबाईल कंपन्या एकेका पत्त्यामागे कितीतरी ग्राहक बसवतात, चाळीला एकच पत्रपेटी असावी तशा. एका भुरट्यासाठी पत्ता अडवला आणि सकाळी तिघांनी विचारलं, आम्ही काय केलं? मग ठरावीक मराठी संकेतस्थळांच्याच लिंका घ्यायच्या असं केलं. त्यात मोफत फॉर्म बनवून देणारी एक सेवा होती, कारण शाळा ती वापरतात. पॅनचा फॉर्म तिथे आला.

हे माझ्या एकटीचं अपयश आहे असं मला बरेच दिवस वाटे. फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलानं फाइली पाठवायची ‘फायरफॉक्स सेंड’ ही सेवा मार्च २०१९ मध्ये सर्वांना खुली केली होती. वापरायला सोपी, गुप्तता जपणारी. तीच घातक फाइली पसरवायला वापरली जाऊ लागली, जुलै २०२० मध्ये थांबवली आणि सप्टेंबरमध्ये कायमची बंद झाली. त्यांच्याकडे पगारी माणसं होती. हे वाचून मला बरं वाटलं, हे कबूल करते.

‘मग बंदच करा ना,’ हा पुढचा सल्ला. करता येत नाही. एका तालुक्याच्या वाचनालयानं माझी लिंक स्मरणिकेत छापली आहे. छापलेला कागद मी परत बोलावू शकत नाही.

म्हणून अर्ज. प्रत्येक अर्ज मी स्वतः वाचते आणि ‘लिंक कशासाठी हवी’ या रकान्यावरून ठरवते. भुरट्यांचे अर्ज फार नेटके. ‘मी माझ्या मौल्यवान ग्राहकांसोबत माहिती सामायिक करू इच्छितो.’ असं कुणी बोलतं का? खरा माणूस लिहितो, ‘मुंजीची पत्रिका आहे, जरा लवकर बघा.’ ही माझी कसोटी. तिचा मला गर्व झाला होता तेवढ्यात एक अर्ज आला: ‘सदर लिंक लघु करून मिळण्याची व्यवस्था व्हावी ही विनंती.’ मी नाकारला. दुसऱ्या दिवशी त्यांचं उत्तर आलं. वय ८१, जन्म आणि हयात बडोद्यात. ‘आमचे मराठी बडोद्याचे आहे, खोटे नाही.’ नातवाच्या कीर्तनाच्या ध्वनिमुद्रणाची लिंक होती. माफी मागितली, लिंक दिली. त्यांनी ती वापरलेली मात्र नोंदींत दिसत नाही.

आत्ता रांगेत सात अर्ज आहेत. पाच सरळ आहेत, रात्रीपर्यंत होतील. एक उघड भुरट्याचा. सातव्यात कारणाच्या रकान्यात एवढंच लिहिलंय: ‘लिंक लांब आहे.’ २०१५ साली मला एवढं कारण पुरलं असतं. तो अर्ज मी उद्यावर ठेवलाय.