पिवळ्या भांड्याची फिल्म: टोकियो-ओसाका शूट झालं, एडिट चालू

शूट संपलं एकदाचं. फिल्म पाच-सहा मिनिटांचीच आहे आणि विषय म्हणाल तर एक प्लास्टिकचं भांडं. जपानमध्ये सेन्तो म्हणजे गल्लीतली सार्वजनिक न्हाणीघरं असतात, तिथे हे पिवळं भांडं हमखास दिसतं, बिनकडीचं, पसरट, आपल्या घंगाळाचं धाकटं भावंड म्हणा. आत तळाशी केरोरिन नावाच्या वेदनाशामक औषधाची जाहिरात. 1963 पासून चालू आहे हे, आधी पांढरं होतं पण मळ लगेच दिसायचा म्हणून पिवळं केलं.

आता खरी गंमत. टोकियोकडचं भांडं मोठं, साधारण 360 ग्रॅमचं, आणि ओसाकाकडचं छोटं, 260 च्या आसपास. कारण तिकडे लोक मोठ्या हौदातलं पाणी थेट भांड्याने उपसून अंगावर घेतात, मोठं भांडं भरून उचलायचं म्हणजे हात भरून येणार, टोकियोत मात्र भांडं खाली ठेवून नळाखाली भरतात. त्यात ओसाकाकडे हौद बरेचदा खोलीच्या मधोमध असतो आणि टोकियोत मागच्या भिंतीला टेकून, म्हणूनच ती भिंतभर फुजी पर्वताची चित्रं टोकियोत जास्त (पहिलं 1912 चं मानतात). मला त्या चित्रांपेक्षा भांडंच आवडलं, चित्रांवर सगळेच फिल्म करतात.

जपानला शूटला जाणाऱ्यांनी एक गोष्ट लिहूनच ठेवा. वीज पूर्वेला 50 हर्ट्झ आणि पश्चिमेला 60. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी टोकियोने जर्मन जनरेटर घेतले आणि ओसाकाने अमेरिकन, ते आजवर तसंच चालू आहे, हद्द साधारण शिझुओकातली फुजी नदी. जुनी ट्यूबलाइट या विजेच्या तालावर लुकलुकते, त्यामुळे तिच्याखाली शटर (प्रत्येक फ्रेमवर प्रकाश पडू द्यायचा वेळ) चुकलं की फ्रेममध्ये पट्टे सरकताना दिसतात. मी सगळं 25 एफपीएसलाच (सेकंदाला 25 फ्रेम) ठेवलं, फक्त शटर टोकियोत 1/50 सेकंद आणि ओसाकात 1/60, टाइमलाइनवर फरक कळतसुद्धा नाही. मुद्दाम लोकल गाड्या बदलत गेले, नदीवरच्या पुलाचा शॉट हवा होता म्हणून, फिल्म तिथेच दोन भागांत तुटते. (तोकाइदो शिनकानसेन मात्र सगळीकडे 60 वरच धावते, त्यासाठी वाटेत वीज बदलून घेतात.)

परवानगी सोपी नाही पण अवघडही नाही. गिऱ्हाईक आत असताना कॅमेरा काढायचाच नाही, हे आपणच आधी सांगायचं. सेन्तो बहुतेक दुपारी तीन-चारला उघडतात, त्याआधी तास-दीड तास मिळतो. ओसाकातल्या सेन्तोवाल्या आजोबांनी हौद भरतानाच बोलावलं, वाफच वाफ, त्यामुळे कॅमेरा झिप बॅगेत बंद करून आतल्या उबेला येईपर्यंत तसाच ठेवला आणि मग काढला, लेन्सवर दव नाही. फरशी आणि टाइल्समुळे आवाज इतका घुमतो की बूम माइक (लांब दांड्यावरचा) बॅगेतच राहू दिला, आजोबांच्या कॉलरला लॅव्हेलियर, म्हणजे चिमटीचा छोटा माइक, लावला आणि मागे टॉवेल टांगले.

सामानाचं थोडक्यात. निघताना मुंबईला कस्टमकडून सिरियल नंबर दाखवून एक्सपोर्ट सर्टिफिकेट केलं, येताना ड्यूटीची कटकट नको. बॅटऱ्या सगळ्या केबिन बॅगेत, 100 वॉट-अवरच्या आतल्या. तिकडे 100 व्होल्ट आणि दोन चपट्या पिनांचा प्लग, अ‍ॅडॉप्टर इथूनच न्या.

आता एडिटमध्ये अडकलंय ते आवाजापाशी. टोकियोतलं भांडं फरशीवर ठेवल्याचा आवाज आणि ओसाकातला, दोन्ही खोल्यांची घुमण वेगळी, आणि मला ते एकामागोमाग एक लावायचेत. ईक्यू करून (आवाजातले खर्ज-तीव्र भाग कमी-जास्त करून) जवळ आणू की फरक तसाच ठेवू? माझा कल तसाच ठेवण्याकडे आहे, पण हेडफोनशिवाय फोनवर बघणाऱ्याला तो धक्का वाटेल का, हे कुणी करून बघितलं असेल तर सांगा. मराठी व्हॉइसओव्हर पुढच्या आठवड्यात.