जुळ्यांचं वजन आणि दवाखान्यातला तो काटा

मुलं आता पाच महिन्यांची झालीत, दोघंही पालथी पडून एकमेकांचे कान ओढतात, तरी तो वजनकाटा आठवला की माझं डोकं अजून फिरतं. म्हणून लिहायला बसले.

मागचं थोडक्यात सांगते. छत्तिसाव्या आठवड्यात पुण्यात सीझर, मुलगी २.२९० किलो आणि मुलगा २.०५०. काचेत ठेवावं लागलं नाही, पाचव्या दिवशी डिस्चार्ज, आठव्या दिवशी गाडी करून साताऱ्याला माहेरी. डिस्चार्जच्या कागदावर मुलाचं वजन १.९३०. पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतंच, सात ते दहा टक्क्यांपर्यंत उतरू शकतं आणि साधारण दोन आठवड्यांत परत जन्माच्या वजनावर येतं, हे तिथल्या डॉक्टरांनी सांगितलेलं, त्यामुळे मी निवांत होते.

अकराव्या दिवशी इथल्या दवाखान्यात दाखवायला नेलं. मुलीचं काही विशेष नाही, ती पहिल्यापासून चिकटली की सोडायची नाही, आजी तिला जळू म्हणते. मुलगा मात्र १.९१० भरला. डॉक्टरांनी कागद बघितला, काटा बघितला, आणि म्हणाले सहा दिवसांत २० ग्रॅम कमी झालंय, जुळ्यांना आईचं दूध पुरत नाही, पावडरचं दूध चालू करा. दोन मिनिटांत विषय संपला. मी एवढी रडले रिक्षात की रिक्षावाल्यानेच पाण्याची बाटली दिली.

घरी आल्यावर तर काय, सगळ्यांना तेच पाहिजे होतं. सासूबाईंचा फोन, मावशीचा फोन, अळीव खातेस ना, शतावरी घेतेस ना, गाईचं दूध पाणी घालून दे, आमची नाही का वाढली. (गाईचं दूध वर्षाच्या आत प्यायला द्यायचं नाही, आणि पावडर दिलीच तर डब्यावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात, पुरवायला म्हणून पातळ करायची नाही. हे दोन्ही मला घरात भांडून सांगावं लागलं.)

आता खरी गोष्ट. तेराव्या दिवशी परत बोलावलेलं. सकाळी दहाचा नंबर, आत गेलो पावणेएकला. मधे औषध कंपन्यांचे चार एमआर आपापल्या बॅगा घेऊन आत जाऊन आले. दोन्ही मुलांची दूध प्यायची वेळ टळली, आणि बसून पाजायला जागा नाही. एसटी स्टँडवर हिरकणी कक्ष असतो हो, लहान मुलांच्या दवाखान्यात नाही! शेवटी जिन्याखाली ओढणी धरून एकेकाला पाजलं, दोघांना एकदम तिथं कसं घेणार. मुलगा तर दोन घोट घेऊन झोपला. मग नंबर आला तर आतला काटा बंद, म्हणून बाहेर रिसेप्शनजवळच्या काट्यावर वजन. १.८७०.

दोन दिवसांत ४० ग्रॅम खाली. डॉक्टर म्हणाले ऍडमिट करा. माझे पायच गळाले.

माझे वडील, अण्णा, बरोबर होते. अण्णांचं चाळीस वर्षं किराणा दुकान, आता भाऊ बघतो. ते इतका वेळ काही बोलले नव्हते, फक्त त्या काट्याकडे बघत होते. मला म्हणाले, बाळाला उचल जरा. मी उचललं. काट्यावर उणे ०.०६०.

म्हणजे झालं असं होतं की कुणीतरी आधी दुपटं ठेवून काटा शून्य केला आणि मग दुपटं काढून घेतलं, नुसता पातळ कागद ठेवला. त्यानंतर सकाळपासून येणारं प्रत्येक मूल ६० ग्रॅमने कमी भरत होतं. किती जणींना त्या दिवशी पावडर लिहून दिली असेल देव जाणे. अण्णा सिस्टरना म्हणाले, "ताई, शून्य दाखवा आधी." सिस्टर म्हणाल्या, "काका, मशीन आहे ते, चुकत नसतं." अण्णा काही न बोलता बाहेर गेले, स्कूटरवर दुकानात जाऊन शिक्क्याचं एक किलोचं माप घेऊन आले आणि काट्यावर ठेवलं. ०.९४०. अख्खं वेटिंग उठून बघायला आलं. अण्णा म्हणाले, "आमच्या साखर मोजायच्या काट्याला दरवर्षी वैधमापनवाल्यांचा शिक्का लागतो, आणि लेकरं मोजायला हा?"

परत शून्य करून मोजलं. १.९३०. म्हणजे उतरलं नव्हतं, २० ग्रॅम चढलं होतं. डॉक्टर म्हणाले, "होतं असं कधीकधी." सॉरी वगैरे काही नाही. ऍडमिट रद्द.

रात्री झोप येईना तेव्हा मला डिस्चार्जचा दिवस आठवला. त्या खोलीत एसी होता म्हणून सिस्टरने झबलं, टोपी, मोजे, डायपर सकट मुलाला काट्यावर ठेवलेलं! सकाळी तेच सगळं नवीन डायपरसकट दुकानातल्या काट्यावर ठेवलं, ८० ग्रॅम भरलं. म्हणजे डिस्चार्जच्या दिवशीचं खरं वजन १.८५०, आणि ज्या सहा दिवसांत तो उतरला म्हणून मी रडले त्या दिवसांत तो ६० ग्रॅम वाढला होता.

पण खरं सांगायचं तर डॉक्टरांचं पूर्ण चूक होतं असंही नाही, आणि हे कबूल करायला मला वेळ लागला. १.८५० म्हणजे जवळजवळ दहा टक्के उतरलेलं, आणि नंतर रोजचे दहा ग्रॅम. या वयात रोज २० ते ३० ग्रॅम पाहिजेत. म्हणजे मुलाचं कमी पडतच होतं. फक्त माझं दूध कमी म्हणून नाही, तर हा पठ्ठ्या प्यायच्या आधीच दमून झोपायचा म्हणून. छत्तीस आठवड्यांची मुलं अशी झोपाळू असतात, भूक लागली म्हणून उठतील असं धरून चालायचं नाही, हे मला पुण्याच्या हॉस्पिटलात फोन केल्यावर कळलं. तिथल्या स्तनपान समुपदेशक ताईंनी अर्धा तास बोलून जे सांगितलं ते असं की दर अडीच तासांनी उठवायचंच, रात्रीसुद्धा, कपडे काढून, तळपायाला हात चोळून. आधी मुलाला, भरलेल्या बाजूला. वीस मिनिटांच्या वर नुसतं चघळू द्यायचं नाही, त्यातच त्याची ताकद जाते. पिताना मधेमधे स्तन हलका दाबायचा, म्हणजे शेवटचं साईचं दूध त्याच्या पोटात जातं. आणि मग पंपाने काढलेलं २०–३० मिली वाटी-चमच्याने. दिवसा दोघांना एकदम, दोन बगलांत दोन उश्यांवर, पाय मागे. पहिले चार दिवस रात्री दोन वेळा पावडरही दिली, कारण पंपात तेवढं निघत नव्हतं. त्याची मला आता काही लाज वाटत नाही, तेव्हा मात्र फार वाटली.

पंप विकत घेतला नाही, भाड्याने मिळाला, हे आधी सांगायला पाहिजे होतं. काढलेलं दूध बाहेर चार तासच ठेवायचं, त्याहून जास्त वेळ ठेवायचं असेल तर काढल्याबरोबर फ्रीजमध्ये.

काट्याचं म्हणाल तर एकच काटा, एकच वेळ, पूर्ण उघडं, आणि बाळ ठेवायच्या आधी शून्य स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. रोज मोजू नका, वेड लागतं, पाजायच्या आधी-नंतर, शी झाली नाही झाली यावरच ३०–४० ग्रॅम इकडेतिकडे होतात. मी मधल्या दिवसांत शू मोजायची, दिवसाला सहा-सात डायपर चांगले ओले म्हणजे दूध जातंय. तेवढे नसतील, किंवा मूल उठवूनही उठत नसेल, पिवळं दिसत असेल, तर मात्र काट्याशी भांडत बसायचं नाही, लगेच दवाखाना गाठायचा.

विसाव्या दिवशी २.१२०. जन्माच्या वजनावर यायला दोन आठवड्यांच्या वर चार दिवस जास्त लागले असतील, पण आला. त्या दिवशी सिस्टरनीच आधी काटा रिकामा करून दाखवला, "काका, शून्य आहे बघा." अण्णांनी तरी पिशवीतून माप काढून ठेवलंच. १.०००.

ते माप अजून माझ्या डायपरच्या बॅगेत आहे, भाऊ दोनदा मागून गेला.