टिल्ट-शिफ्ट घेण्याआधी केलेली मोजामोज

उंचावरून शहर खेळण्यातल्यासारखं दिसावं, एवढ्यासाठीच टिल्ट-शिफ्ट लेन्स घ्यायची असेल तर पैसे वाचवा. माझी सुरुवातही याच हौसेतून झाली. (ही लेन्स कॅमेऱ्यावर असतानाच झुकवता येते, तो टिल्ट; आणि वर-खाली किंवा बाजूला सरकवता येते, तो शिफ्ट.) आधी कॅननची २४ मिमी एफ/३.५ (दुसरी आवृत्ती) आणि नंतर जुनी ९० मिमी एफ/२.८, अशा दोन लेन्स भाड्याने आणल्या आणि मोजत बसलो. निर्णय त्या मोजमापावर झाला.

पहिला समज मोडला तो फोकसच्या पट्ट्याबद्दल. ‘मिनिएचर’ म्हणजे खेळण्यातल्या शहराच्या परिणामाला लांब फोकल लेन्थ हवी, म्हणजे तीक्ष्ण पट्टा अरुंद येतो, असं मी धरून चाललो होतो. प्रत्यक्षात दृश्य दूरचं असेल तर सेन्सरवरच्या पट्ट्याची रुंदी फोकल लेन्थवर अवलंबूनच नसते. ती ठरते ॲपर्चर (लेन्सचं छिद्र, म्हणजे एफ/ चा आकडा) आणि टिल्टच्या कोनावर. फुल-फ्रेमला (३६ × २४ मिमीचा सेन्सर) चालणारी धूसरता ०.०३ मिमी धरली, तर २४ मिमीला एफ/३.५ आणि ८.५ अंशांवर पट्टा साधारण १.४ मिमी येतो. ९० मिमीला एफ/२.८ आणि ८ अंशांवर १.२ मिमी. २४ मिमी उंचीच्या फ्रेममध्ये हा फरक डोळ्यांना कळतही नाही. लांब लेन्स बरी वाटते ती वेगळ्या कारणाने: तिच्यात आकाश आणि क्षितिज येत नाही, नुसती छपरं आणि रस्ते येतात.

दुसरा समज त्याहून महागात पडला असता: खरी लेन्स अंतरानुसार धूसर करते, सॉफ्टवेअरला ते जमत नाही. पर्वतीवरून पुण्याकडे ९० मिमी रोखली की ३०० मीटरवरची इमारत आणि दोन किलोमीटरवरची इमारत लेन्सच्या लेखी दोन्ही अनंतावरच. मग एखादा बिंदू किती धूसर होणार हे तो फ्रेममध्ये कुठे आहे एवढ्यावरच ठरतं, तो किती दूर आहे यावर नाही. फोटोशॉपमधलं टिल्ट-शिफ्ट ब्लर हेच करतं. वर-खाली चढत जाणारी धूसरता, बस्स. दुपारच्या उन्हातले दोन्ही फोटो शेजारी ठेवले तर लेन्सचा कुठला आणि संगणकाचा कुठला हे छातीठोकपणे सांगता येत नाही. रात्री मात्र लेन्स जिंकते. दिव्यांच्या खऱ्या लख्ख चकत्या उमटतात, सॉफ्टवेअर त्या करड्या करून टाकतं. पण तेवढ्यासाठी एवढी लेन्स? नाही.

मग राहिलं शिफ्ट, म्हणजे कॅमेरा वर न झुकवता उंच इमारत टिपणं. याचा हिशोब सोपा आहे. मुंबईच्या फोर्टातल्या एखाद्या दगडी इमारतीपासून २० मीटरवर उभे राहा, कॅमेरा उभा धरा, दीड मीटर उंचीवर आणि अगदी समपातळीत. २४ मिमी लेन्सला शिफ्ट न देता १६.५ मीटर उंचीपर्यंतचं दिसतं. १२ मिमी वर सरकवली की २६.५ मीटरपर्यंतचं, आणि खांब सरळच्या सरळ. हेच १४ मिमी वाइड लेन्सने कॅमेरा समपातळीत धरून टिपता येतं. खालचा रस्ता आणि बाजू कापून टाकायच्या. तेवढीच चौकट राखली तर फ्रेमचा साधारण ३४ टक्के भाग हाती उरतो, म्हणजे ४५ मेगापिक्सेलमधले १५. मोबाइलवर दाखवायला, अगदी मध्यम आकाराच्या छापील फोटोलाही ते पुरतात. ज्यांचा धंदाच वास्तूंच्या फोटोंचा आहे त्यांनी २४ मिमी डोळे झाकून घ्यावी. त्यांना हा लेख वाचायची गरजही नाही. १७ मिमीचा विचार असेल तर तिचा समोरचा भिंग फुगीर आहे आणि नेहमीचे फिल्टर तिला बसत नाहीत, हे आधी लक्षात घ्या. २४ मिमीला ८२ मिमीचा फिल्टर बसतो.

लेन्सशिवाय जमतच नाही असं काम सुरू होतं ते जवळच्या अंतरावर, एक ते पाच मीटरच्या आत. तिथे वस्तू खरोखर पुढे-मागे असतात आणि फोकसची पातळी (जिच्यावरचं सगळं तीक्ष्ण येतं ते अदृश्य प्रतल) तिरकी करून कुणाला तीक्ष्ण ठेवायचं ते निवडता येतं. टिल्ट केल्यावर फोकसची पातळी एका अदृश्य बिजागरीभोवती फिरते. लेन्सपासून या बिजागरीचं अंतर सेन्सरला समांतर मोजायचं. ते येतं फोकल लेन्थ भागिले टिल्टच्या कोनाची साइन. ९० मिमी आणि ८ अंश म्हणजे सुमारे ६५ सेंटिमीटर. २४ मिमीला १ अंशातच १.४ मीटर, म्हणून उभ्या माणसाच्या उंचीवरून सगळी जमीन तीक्ष्ण हवी तर २४ मिमीला जेमतेम एक अंश पुरतो. नवखे तिथे पाच-सहा अंश देतात आणि सगळंच का बिघडलं म्हणून डोकं खाजवतात.

एक उदाहरण. डावीकडे दोन मीटरवर एक माणूस, उजवीकडे चार मीटरवर दुसरा. पहिला मध्यरेषेपासून २५ सेंटिमीटर डावीकडे, दुसरा ५० सेंटिमीटर उजवीकडे. ९० मिमी लेन्स फिरवून टिल्ट आडवा करायचा आणि जवळच्या माणसाच्या बाजूला सुमारे ५ अंश द्यायचा. एफ/२.८ वर दोघांचेही डोळे तीक्ष्ण येतात, त्या दोघांच्या रेषेबाहेरची गर्दी विरघळते. एकाच फ्रेममध्ये हे साध्या लेन्सने होत नाही. फोकस स्टॅकिंग (वेगवेगळ्या फोकसचे फोटो जोडणं) करायचं तर माणसं पुतळ्यासारखी बसवावी लागतील.

टेबलावरच्या वस्तूंना जुनी ९० मिमी अपुरी पडते. पानं-वाट्या मांडून ४५ सेंटिमीटर उंचीवरून ३० अंश खाली रोखलं तर सगळं टेबल पातळीत आणायला जवळपास १० अंश टिल्ट लागतो; जुनीला आहेत ८. २०१७ साली आलेल्या ९० मिमी मॅक्रोला बरोबर १० आहेत, पण किंमत बघून घ्या. नाहीतर कॅमेरा वर न्या, म्हणजे टिल्ट कमी लागतो.

फोकस हातानेच करायचा. आधी टिल्ट शून्यावर ठेवून एक्सपोजर मोजा आणि मॅन्युअलवर पक्कं करा. टिल्ट-शिफ्ट दिल्यावर डीएसएलआरचा मीटर चुकतो. मग लाइव्ह व्ह्यू (मागच्या स्क्रीनवरचं दृश्य) मोठा करून दूरचा बिंदू फोकसच्या रिंगने आणि जवळचा टिल्टने साधा. एक साधला की दुसरा थोडा हलतो, त्यामुळे तीन-चार फेऱ्या धरूनच चाला. पातळीच्या बाहेर उंच डोकावणारं काही असेल, झाडाचा शेंडा किंवा तांब्या, तर ते धूसरच राहणार. एफ/८ ते एफ/११ पर्यंत जाऊन पाहा.

शेवटी जुनी ९० मिमीच घेतली, सेकंडहँड. घेताना तपासायच्या गोष्टी अशा. शिफ्टची फिरकी दोन्ही टोकांपर्यंत फिरवा. मध्येच सैल लागली तर दाते झिजलेत. लेन्स वर सरकवून लॉक घट्ट करा, कॅमेरा समपातळीत धरा आणि मिनिटभर थांबा. लेन्स स्वतःच्या वजनाने खाली सरकत असेल तर सोडून द्या. टिल्ट-शिफ्ट शून्यावर ठेवून विटांच्या भिंतीचा फोटो काढा, लेन्स तिच्या माउंटवरच्या सांध्यावर फिरवून पुन्हा काढा. धूसर कोपरा लेन्सबरोबर फिरला तर दोष लेन्सचा. जागेवरच राहिला तर कॅमेरा भिंतीला समांतर नव्हता. मोबाइलची टॉर्च मागून मारून बुरशी बघा, मुंबई-कोकणातल्या लेन्सची तर नक्कीच. आणि टिल्ट-शिफ्टच्या दिशा एकमेकींना समांतर आहेत की काटकोनात, हे विचारा. जुन्या लेन्समध्ये त्या बदलायच्या तर चार बारीक स्क्रू काढावे लागतात. आतून विजेची नाजूक पट्टी जाते, तेव्हा ते काम दुरुस्तीवाल्याकडेच द्या. २४ मिमीच्या दुसऱ्या आवृत्तीत आणि १७ मिमीत हे हातानेच फिरतं.

पेटीत ठेवताना दोन्ही खुणा शून्यावर आणून लॉक करा. अर्धा अंश टिल्ट राहून गेला तर छोट्या स्क्रीनवर कळत नाही. घरी आल्यावर प्रत्येक फोटोची एकच बाजू मऊ दिसते.