पुसलं तरी जड

परवा आउटलुकनं, म्हणजे माझ्या ईमेलच्या प्रोग्रॅमनं, निरोप दिला की तुमची डेटा फाइल कमाल आकाराला पोचली आहे. नको असलेलं काही कायमचं काढून टाका. सोबत बटणंही सुचवली होती : शिफ्ट आणि डिलीट. एवढ्या खोलात का जावं लागतं, ते नंतर कळलं. नुसतं डिलीट दाबलं की मेल 'डिलीटेड आयटम्स'मध्ये जाते आणि ते फोल्डर त्याच फाइलीत असतं. म्हणजे कचरा उचलला आणि त्याच खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात टाकला.

तशी तक्रार करायला मला तोंड नाही. आउटलुकच्या २००२ च्या आवृत्तीपर्यंत मेल साठवणाऱ्या या फाइलीची (तिला पीएसटी म्हणतात) मर्यादा २ जीबी होती. ती ओलांडली की फाइल उघडायचीच नाही. मग एका खास साधनानं तिचा थोडा भाग छाटून उरलेली दुरुस्त करायची. छाटलेल्या भागातलं गेलं ते गेलंच. २००३ मध्ये मर्यादा २० जीबी झाली, २०१० मध्ये ५०. मी पन्नासही भरून दाखवले.

विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे तिच्या आतल्या सेटिंगच्या नोंदवहीत, आकडा बदलून मर्यादा वाढवता येते, पण तो मोह टाळला. मेल आकारानुसार लावल्या आणि पुसायला बसले. वर सगळी जाडजूड मंडळी : एकच सादरीकरण 'फायनल', 'फायनल २', 'आता खरंच फायनल' अशा नावांनी अकरा वेळा. शिवाय कुणाच्या तरी निरोप समारंभाचे फोटो, तेही तिघांनी वेगवेगळे पाठवलेले. (त्यातल्या एकातही मी नाही.) जपावंसं वाटलं ते सगळं यादीच्या तळाशी, काही केबींचं. एका जुन्या साहेबांची मेल तर एका शब्दाची : 'बघतो.' त्यांनी बघितलं नाही, पण मेल ठेवली.

दुपारभर पुसलं. डिलीटेड आयटम्सही रिकामं केलं. फाइलचा आकार पाहिला, तर जेवढ्यास तेवढा! वहीत ओळी खोडल्या म्हणून पानं कमी होत नाहीत, तसंच हे. आत जागा मोकळी होते, फाइल मात्र लगेच आखडत नाही. ती लगेच आखडायला हवी तर सेटिंगमध्ये खोल दडलेलं 'कॉम्पॅक्ट नाऊ' दाबावं लागतं. दाबलं आणि झोपले.

सकाळी नऊ जीबी उतरले होते. तरी धाकधूक नको म्हणून वेगळी अर्काइव्ह फाइल उघडली आणि जुनी वर्षं तिकडे हलवली. तिला नाव काय द्यावं, यावर बराच वेळ गेला. शेवटी ठेवलं : 'फायनल'.