मुंगीएवढं एफ५

"मावशी, मी गेम चालू करतेय आणि हा स्क्रीनच विझवतोय!"

भाची सध्या गोडो शिकतेय, म्हणजे गेम बनवायचं सॉफ्टवेअर. त्यात एफ५ दाबलं की अख्खा प्रोजेक्ट चालतो, एफ६ दाबलं की फक्त समोर उघडलेला सीन, आणि एफ८ ने सगळं थांबतं. तिच्या नव्या लॅपटॉपवर मात्र त्या बटणावर छोटा सूर्य काढलाय. एफ५ हे कोपऱ्यात, मुंगीएवढं. ती दाबत राहिली, उजेड पायरीपायरीने उतरत गेला.

कीबोर्डवरचं एफएन (Fn) बटण धरून एफ५ दाबलं, तेव्हा कुठे तिचा बेडूक उड्या मारायला लागला. मग एफएन आणि एस्केप एकत्र दाबून ते कायमचं लॉक करून दिलं, म्हणजे एफएन न धरताही एफ५ चालेल. (सगळ्याच लॅपटॉपवर हे चालत नाही, काहींत बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉप सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, शिरावं लागतं.)

तर म्हणते कशी, "म्हणजे बटणं होतीच, नुसती मागे ढकलली होती?"

दिवसभर हेच डोक्यात घोळतंय. बनवणाऱ्याने गृहीत धरलंय की आपण बघणार, ऐकणार, आवाज कमीजास्त करणार. हिशोब चुकीचाही नाही, तसे लोक जास्तच. पण घरातला एकुलता एक लॅपटॉप घेऊन काहीतरी करू बघणाऱ्या पोरीला वाटतं, आपलंच काहीतरी चुकतंय. मॅकवर तर गोडोनेच माघार घेतली, तिथे चालवायला कमांड आणि बी.

लॅपटॉप विकताना दुकानदाराने तुम्हाला ही एफएनची भानगड कधी सांगितली होती का हो?